स्वस्त झालेला विश्वास : 'डोअर लॉक' आणि रहस्यपटाच्या स्त्रीवादी गौरवाची मर्यादा

१

कथनाचे केंद्र पुरुषाकडून स्त्रीकडे सरकले की संहिता आपोआप स्त्रीच्या बाजूची होते, अशी एक समजूत अलीकडच्या समीक्षेत रूढ होऊ पाहत आहे. ही समजूत सोयीची आहे. तिच्यामुळे समीक्षकाचे काम प्रमुख पात्र कोण आहे एवढे पाहण्यापुरते उरते, आणि कृतीच्या रूपबंधाची चिकित्सा करण्याची जबाबदारी टळते. ली क्वॉन दिग्दर्शित 'डोअर लॉक' हा २०१८ च्या डिसेंबरात प्रदर्शित झालेला कोरियन चित्रपट या समजुतीची परीक्षा घेण्यासाठी विशेष उपयुक्त आहे. सोल शहरात एकट्या राहणाऱ्या, बँकेत कंत्राटी नोकरी करणाऱ्या क्युंग-मिन या तरुणीच्या घरात एक अनोळखी माणूस शिरतो आहे, एवढाच त्याचा विषय. २०११ मधील 'मिएन्त्रास दुएर्मेस' या स्पॅनिश चित्रपटावर तो आधारलेला आहे. इंग्रजी जगात हा मूळ चित्रपट 'स्लीप टाइट' या नावाने ओळखला जातो.

जाउमे बालागेरो यांनी दिग्दर्शित केलेल्या आणि आल्बेर्तो मारिनी यांनी लिहिलेल्या मूळ चित्रपटाचे केंद्र घुसखोर पुरुष हे आहे. बार्सिलोनातील एका इमारतीचा द्वारपाल सेसार हा तिथे कथनाचा धनी आहे. कोरियन रूपांतराने हे केंद्र बदलले आणि जिच्या घरात घुसखोरी होते ती स्त्री कथेच्या मध्यभागी आणून बसवली. या बदलाबद्दल दोन परस्परविरोधी भूमिका संभवतात, आणि दोन्ही हिरीरीने मांडता येण्याजोग्या आहेत. पहिली भूमिका कलावादी आहे. तिच्या मते रूपांतराने मूळ कृतीतील नैतिक गुंतागुंत गमावली. प्रेक्षकाला गुन्हेगाराच्या मनात ओढून नेणारी अस्वस्थता गेली आणि पाठलाग व झटापट यांचा नेहमीचा ठोकळा उरला. दुसरी भूमिका स्वतःला स्त्रीवादी म्हणवते. तिच्या मते केंद्राचा हा बदल हाच या चित्रपटाचा विजय आहे, कारण प्रथमच भीतीचा अनुभव भीती सोसणाऱ्या स्त्रीच्या जागेवरून सांगितला गेला.

या दोन्ही भूमिका एकच चूक करतात. त्या कथनाचे केंद्र आणि कथनातील ज्ञानाचे वाटप या दोन भिन्न गोष्टींना एक मानतात. 'डोअर लॉक'ची खरी समस्या, आणि त्याचे खरे महत्त्वही, या दोहोंमधील फटीत आहे.

२

प्रथम कलावादी आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो अधिक प्रतिष्ठित आहे. सेसार हे पात्र लुईस तोसार या नटाने विलक्षण संयमाने उभे केले आहे यात शंका नाही. सुखी होण्याची क्षमताच नसलेला हा माणूस इतरांचे सुख हिरावून घेण्यात जगण्याचे कारण शोधतो. क्लारा या भाडेकरू तरुणीच्या पलंगाखाली तो लपतो, तिला गुंगीचे औषध देतो, रात्र तिच्या शेजारी काढतो आणि पहाटे उठून कामावर हजर होतो. प्रेक्षक त्याच्याबरोबर पलंगाखाली असतो. तो सापडण्याची वेळ येते तेव्हा प्रेक्षकाचाही श्वास अडकतो. गुन्हेगाराशी घडणारे हे तादात्म्य प्रेक्षकाला स्वतःच्या नैतिकतेबद्दल विचार करायला लावते, असे या आक्षेपाचे म्हणणे.

पण ही गुंतागुंत कोणत्या किमतीला मिळते, हा प्रश्न कलावादी समीक्षा विचारत नाही. क्लाराचे मन या संहितेत जवळजवळ नाहीच. तिला हास्य आहे, शरीर आहे, प्रियकर आहे. पण तिच्यावर जे घडते आहे त्याची तिला जाणीव नाही, आणि ती नसणे हीच कथनाची अट आहे. शेजारची एक लहान मुलगी सेसारला पाहते आणि गप्प राहण्याचा मोबदला त्याच्याकडून उकळते. म्हणजे त्या इमारतीतील एका मुलीलाही क्लाराच्या आयुष्याबद्दल क्लारापेक्षा अधिक ठाऊक असते. क्लाराला अखेरीस सारे कळते तेही सेसारच्या पत्रातून, म्हणजे त्याच्याच शब्दांत. तिच्या आयुष्याचा निवेदकही तोच ठरतो. ज्या नैतिक गुंतागुंतीसाठी एका स्त्रीला संपूर्ण कथनभर बेशुद्ध राहावे लागते, ती गुंतागुंत कितीही सूक्ष्म असली तरी तिला निरपेक्ष कलामूल्य म्हणता येत नाही. ते पुरुषाच्या आत्मपरीक्षणासाठी स्त्रीने पुरवलेले साहित्य आहे.

दोन्ही कृतींच्या शीर्षकांतही हा भेद उघड होतो. 'मिएन्त्रास दुएर्मेस' म्हणजे 'तू झोपलेली असताना'. हे संबोधन आहे. बोलणारा जागा आहे आणि जिला उद्देशून बोलले जाते ती ऐकू शकत नाही. 'डोअर लॉक' हे मात्र एका वस्तूचे नाव आहे. कोरियात घराच्या दारावरील अंकांच्या कुलपाला याच उसन्या इंग्रजी शब्दाने ओळखतात. क्युंग-मिन दिवसातून अनेकदा ज्या वस्तूला हात लावते ती शीर्षकस्थानी आली आहे. केवळ शीर्षकाच्या पातळीवर पाहिले तरी संबोधनाचा अधिकार पुरुषाकडून काढून घेतला गेला आहे हे मान्य करावे लागते. तेव्हा रूपांतराने काही गमावले असेल तर ते गमावण्याजोगेच होते.

३

या बदलामुळे संहितेत काय प्रवेश करू शकले, तेही पाहिले पाहिजे. सर्वांत आधी प्रवेश करतो तो श्रम. मूळ चित्रपटात क्लाराचे हसणे हा तिच्या स्वभावाचा भाग आहे आणि ते पुसून टाकणे हा सेसारचा ध्यास आहे. क्युंग-मिनचे हसणे हा तिच्या नोकरीचा भाग आहे. बँकेच्या खिडकीपलीकडे बसलेल्या कंत्राटी कर्मचारी स्त्रीने ग्राहकाशी कसे बोलावे, किती नम्र असावे, हे तिच्या वेतनात धरलेले असते. आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ च्या 'द मॅनेज्ड हार्ट' या ग्रंथात ज्याला भावनिक श्रम म्हटले, त्याचे हे नेमके उदाहरण. एक पुरुष ग्राहक या वेतनी सौजन्याचा अर्थ वैयक्तिक आमंत्रण असा लावतो, आणि नकार मिळताच अपमानित होतो. येथे भयपटाने एक सामाजिक सत्य पकडले आहे: पुरुषाचा गैरसमज हा केवळ त्याच्या विकृतीतून उद्भवत नाही, सेवाव्यवसाय हाच गैरसमज पोसतो, त्याच्यावर नफा कमावतो आणि त्याचा धोका मात्र कर्मचारी स्त्रीवर सोडून देतो. नोकरी कायम होण्याची आशा असलेली स्त्री तक्रारही मोकळेपणाने करू शकत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे चिन्हव्यवस्था. क्युंग-मिन दाराशी पुरुषाचे बूट ठेवते, वाळत घातलेल्या कपड्यांत पुरुषाचे कपडे टांगते. घरात पुरुष नाही, त्याची चिन्हे मात्र आहेत. चिन्हमीमांसेच्या परिभाषेत सांगायचे तर येथे चिन्हक आहे आणि चिन्हित अनुपस्थित आहे. आणि तरीही, किंबहुना म्हणूनच, चिन्हक आपले काम करते. एकट्या स्त्रीचे घर हे बाहेरून वाचले जाते, हे तिला पक्के ठाऊक आहे. ती त्या वाचकासाठी एक काल्पनिक पुरुष लिहिते. या तपशिलात पितृसत्तेचे जितके नेमके विश्लेषण आहे तितके अनेक उच्चभ्रू चित्रपटांतील लांबलचक संवादांत सापडत नाही. स्त्रीचे संरक्षण कुलूप करत नाही, कायदा करत नाही. दुसऱ्या पुरुषाच्या मालकीची खूण करते. ज्या धोक्यापासून बचाव करायचा त्याच धोक्याच्या भाषेत तिला लिहावे लागते.

तिसरी गोष्ट घराच्या कल्पनेशी निगडित आहे. कोरियन चित्रपटात घरात शिरणाऱ्या परक्याची परंपरा जुनी आहे. किम की-यंग यांच्या १९६० मधील 'हान्यो' या चित्रपटात नव्या मध्यमवर्गीय घराला मोलकरणीपासून धोका आहे. ह जंग यांच्या २०१३ मधील 'हाइड अँड सीक'मध्ये दुसऱ्यांची घरे बळकावणारी व्यक्ती स्वतः घराला मुकलेली स्त्री आहे. या कृतींत घर म्हणजे मालमत्ता, आणि परका म्हणजे ती मालमत्ता हिरावणारा खालचा वर्ग. 'डोअर लॉक'मध्ये घर मालमत्ताच नाही. ते भाड्याचे ऑफिसटेल आहे, म्हणजे कार्यालय व निवास यांच्या मिश्रणातून निघालेली एका खोलीची सदनिका. येथे चोरण्यासारखे काही नाही. शिरणारा घरासाठी येत नाही, स्त्रीसाठी येतो. त्यामुळे घर आणि शरीर यांच्या सीमारेषा एकच होतात. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये लेखिकेसाठी स्वतःचे उत्पन्न आणि कुलूप असलेली खोली मागितली होती. क्युंग-मिनजवळ पगार आहे, खोली आहे आणि कुलूपही आहे. ते कुलूप अंकांचे आहे. चावी चोरीला गेली तर ती जाग्यावर नसते, म्हणून कळते. अंक चोरीला गेले तरी ते मालकिणीच्या स्मरणात जसेच्या तसे राहतात. चोरी झाली हे कळण्याचा मार्गच उरत नाही.

मराठी स्त्रीवादी चर्चेत उंबरठ्याचा विचार बहुधा एकाच दिशेने झाला आहे. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' (१९८२) या चित्रपटाच्या नावापासूनच उंबरठा ओलांडणे म्हणजे स्त्रीने घराबाहेर पडणे असा संकेत रुळला. बाहेर पडलेल्या, कमावत्या, एकट्या राहणाऱ्या स्त्रीच्या खोलीचाही एक उंबरठा असतो आणि तो बाहेरून आत ओलांडला जाऊ शकतो, हा पुढचा प्रश्न आहे. 'डोअर लॉक' तो विचारतो, म्हणून त्याला केवळ रंजनपट म्हणून बाजूला सारणे हा समीक्षेचा आळस ठरेल.

४

एवढे श्रेय दिल्यावर मूळ आक्षेपाकडे वळता येते. झेरार जेनेत यांनी १९७२ मध्ये 'कोण पाहते' आणि 'कोण बोलते' हे दोन प्रश्न वेगळे करून कथनमीमांसेला मोठी शिस्त लावली. रहस्यकथनाच्या बाबतीत याला तिसरा प्रश्न जोडावा लागतो: कोणाला आधी कळते? उत्कंठेचा सगळा व्यापार या तिसऱ्या प्रश्नावर उभा आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्र्युफो यांच्याशी केलेल्या, १९६६ मध्ये ग्रंथरूपाने आलेल्या संभाषणात उत्कंठेचे जे सूत्र सांगितले ते सर्वश्रुत आहे. मेजाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक हवे आणि मेजाशी बसलेल्यांना ठाऊक नको. मग त्यांच्या साध्या गप्पांनाही धार येते. या सूत्राकडे तटस्थ तंत्र म्हणून पाहण्याची सवय समीक्षेला लागली आहे. मेजाखाली बॉम्बच असेल तर ते तटस्थ राहीलही. पण मेजाच्या जागी स्त्रीचा पलंग असेल आणि त्याखाली बॉम्बऐवजी पुरुष असेल, तर तंत्राची तटस्थता संपते. बॉम्बला काही कळत नसते; पलंगाखालच्या पुरुषाला सारे कळत असते. तेव्हा जे प्रेक्षकाला ठाऊक आहे आणि स्त्रीला ठाऊक नाही, ते ज्ञान प्रेक्षक कोणाबरोबर वाटून घेत असतो? त्या पुरुषाबरोबर.

'डोअर लॉक'मध्ये नेमके हेच घडते. क्युंग-मिन झोपलेली असताना पलंगाखालून कोणी बाहेर येते आणि तिच्या शेजारी पडते, हे प्रेक्षकाला तिच्या कितीतरी आधी दाखवले जाते. घुसखोराचा चेहरा लपवलेला असतो, पण त्याची कृती लपवलेली नसते. सकाळी ती जड डोक्याने उठते. का, ते तिला कळत नाही, प्रेक्षकाला कळते. केंद्र बदलले, पण ज्ञानाचे वाटप बदलले नाही. 'मिएन्त्रास दुएर्मेस' या शीर्षकातील संबोधन हद्दपार झाले असे वर म्हटले. प्रत्यक्षात ते कॅमेऱ्याच्या जागेत दबा धरून राहिले आहे. लॉरा मल्व्ही यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात पाहण्याच्या सुखाची जी चिकित्सा केली, तिचा रोख स्त्री पाहिली जाते यावर होता. येथे त्याच चिकित्सेला एक पाऊल पुढे न्यावे लागते. स्त्री नुसती पाहिली जात नाही. तिच्या नेणिवेचा आस्वाद घेतला जातो. चित्रपट प्रदर्शित झाला त्याच २०१८ साली सोलच्या रस्त्यांवर छुप्या कॅमेऱ्यांच्या विरोधात हजारो स्त्रिया उतरल्या होत्या. नकळत पाहिले जाणे हाच ज्या वर्षीचा सार्वजनिक संताप होता, त्या वर्षीच्या चित्रपटाने प्रेक्षकाला झोपलेल्या स्त्रीकडे तिच्या नकळत पाहण्याच्या जागी बसवावे, ही विसंगती 'केंद्र स्त्रीकडे आहे' एवढ्या उत्तराने मिटत नाही.

यावर एक गंभीर प्रत्युत्तर संभवते आणि ते टाळता येणार नाही. प्रत्युत्तर असे: चित्रपटाने घुसखोर दाखवला नसता तर प्रेक्षक स्त्रीच्या मानसिक संतुलनावरच संशय घेत बसला असता. 'गॅसलाइट' (१९४४) सारख्या चित्रपटांची, म्हणजे स्त्री भ्रमिष्ट आहे की खरे बोलते आहे या अनिश्चिततेवर पोसलेली, एक संपूर्ण परंपरा उभी आहे. त्झ्वेतान तोदोरोव यांनी १९७० मध्ये अद्भुत साहित्याचा प्राण म्हणून जी दोलायमानता सांगितली, ती स्त्रीच्या बाबतीत नेहमी तिच्या विश्वासार्हतेची दोलायमानता होऊन बसते. पुरावा आधीच दाखवून 'डोअर लॉक'ने स्त्रीवर संशय घेण्याचे नाकारले. हीच त्याची राजकीय भूमिका आहे.

हा युक्तिवाद वजनदार आहे, पण तो दोनच पर्याय आहेत असे गृहीत धरतो: एक तर संशय, नाही तर पुरावा. तिसरा पर्याय असतो, आणि तो कोणी बाहेरून सुचवण्याची गरज नाही, कारण या चित्रपटातच तो सापडतो. सुरुवातीच्या भागात क्युंग-मिनला कुलपावरचे झाकण उघडे दिसते. ती अंक बदलते. रात्री दारापलीकडून अंक दाबल्याचे आवाज येतात, चूक झाल्याचा यंत्राचा इशारा वाजतो आणि मग हँडल हिसडले जाते. कॅमेरा तिच्याबरोबर आत आहे. पलीकडे कोण आहे ते तिला दिसत नाही, प्रेक्षकालाही दिसत नाही. तरीही ती भ्रमिष्ट आहे असे क्षणभरही वाटत नाही. येथे संशय नाही आणि पुरावाही नाही. आहे तो तिच्याइतकेच ठाऊक असण्याचा करार. प्रेक्षकाने विश्वास ठेवायचा तो तिच्यावर, कॅमेऱ्याने पुरवलेल्या साक्षीवर नव्हे. संपूर्ण चित्रपटातील सर्वाधिक भेदक भय या प्रसंगात आहे, हा योगायोग नाही. पुढे चित्रपट हा करार मोडतो. त्याला स्वतःच्या नायिकेच्या शब्दावर दोन तास उभे राहण्याचे धैर्य होत नाही.

५

हा केवळ शैलीचा वाद असता तर त्यासाठी एवढा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. क्युंग-मिन पोलिसांकडे जाते तेव्हा तिच्या तक्रारीला वजन मिळत नाही. नुकसान झालेले नाही, कोणी दिसलेले नाही. पुढे तोच आडदांड ग्राहक तिच्या घरात मृत सापडतो, तेव्हा मात्र व्यवस्था तत्परतेने जागी होते आणि संशयाची सुई तिच्याकडेच वळते. तिची भीती ज्यांना घटना वाटली नाही त्यांना मृतदेह मात्र घटना वाटतो. या टप्प्यावर प्रेक्षक पोलिसांवर संतापतो. पण हा संताप फुकटात मिळालेला आहे. प्रेक्षकाने पलंगाखालचा माणूस पाहिला आहे. पोलिसांनी पाहिलेला नाही. प्रेक्षक तिच्यावर विश्वास ठेवतो तो ती सांगते म्हणून नव्हे, तर त्याने स्वतः पाहिले म्हणून. वस्तुतः पोलीसही तेच मागत असतात. तिच्या शब्दाला किंमत द्यायला दोघेही तयार नाहीत. फरक एवढाच की एकाला पुरावा आधी मिळाला. चित्रपटाने विश्वास स्वस्त करून टाकला आहे.

प्रत्यक्षात तो किती महाग होता, याची साक्ष कोरियाचा विधिनिषेधाचा इतिहास देतो. पाठलागाविरुद्धचे पहिले विधेयक तिथल्या राष्ट्रीय सभेत १९९९ मध्ये मांडले गेले. स्वतंत्र कायदा संमत झाला तो २०२१ च्या मार्चमध्ये आणि अंमलात आला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. दरम्यानच्या काळात सतत त्रास देणे हा किरकोळ अपराध होता आणि २०१३ पासून त्यासाठी ८०,००० वॉन दंडाची तरतूद होती. 'डोअर लॉक' या काळातला चित्रपट आहे. त्यातील पोलीस उदासीन आहेत ते केवळ स्वभावाने नव्हे. त्यांच्या हातातील कायद्यात क्युंग-मिनच्या भीतीसाठी पुरेसा शब्दच नाही. चित्रपट मात्र या रिकाम्या जागेला पोलिसाच्या व्यक्तिगत वृत्तीचे रूप देतो, आणि अखेरचा सामना नायिकेच्या शारीरिक बळावर सोपवून मोकळा होतो. कॅरल क्लोव्हर यांनी अमेरिकी भयपटांतील शेवटी उरणाऱ्या मुलीचे जे विश्लेषण केले, त्याची आठवण येथे अटळ आहे. स्त्री जिंकते, व्यवस्थेवरचा आरोप त्या विजयात विरघळून जातो.

चित्रपटानंतर काही महिन्यांतच, २८ मे २०१९ रोजी, सोलच्या सिल्लिम-दोंग भागात एक पुरुष घरी परतणाऱ्या अनोळखी तरुणीच्या मागोमाग तिच्या दारापर्यंत आला. ती आत शिरली आणि दार बंद झाले. त्याचा हात क्षणभर उशिरा पोहोचला. त्यानंतर तो तिथेच घोटाळत राहिला, दार वाजवत राहिला, कुलपाशी झटत राहिला. हे सारे इमारतीतील कॅमेऱ्याने टिपले आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. न्यायालयाने त्याला गृहअतिक्रमणाबद्दल एक वर्षाची शिक्षा दिली. बलात्काराच्या प्रयत्नाच्या आरोपातून मात्र तो सुटला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच निर्णय कायम केला. दारापलीकडे त्याने काय केले असते याचे अनुमान शिक्षेचा आधार होऊ शकत नाही, हा त्यामागील तर्क. फौजदारी न्यायाच्या तत्त्वानुसार तो चुकीचा म्हणता येणार नाही. आरोपीच्या हेतूबद्दल शंका उरली तर तिचा लाभ त्यालाच मिळाला पाहिजे. पण कथनमीमांसेच्या दृष्टीने पाहता येथे एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. कायद्याला घटना हवी असते. स्त्रीचे जगणे मात्र न घडलेल्या घटनांनी व्यापलेले असते: बदललेले अंक, दाराशी ठेवलेले बूट, दोनदा तपासलेले कुलूप. या अनुभवाला कथानक नाही, कारण त्यात काही 'घडत' नाही.

साहित्य आणि चित्रपट यांची जबाबदारी नेमकी येथे सुरू होते. न्यायालयाला जे करता येत नाही ते कथनाला करता येते. न घडलेल्या घटनेचे वजन, पुराव्याच्या आधीची भीती, हे कथनच जाणवून देऊ शकते. कथनानेही न्यायालयासारखा पुरावा मागितला आणि तो मिळाल्यावरच स्त्रीच्या बाजूने उभे राहायचे ठरवले, तर कथनाची वेगळी गरजच काय? १४ सप्टेंबर २०२२ रोजी सोलच्या सिंदांग भुयारी रेल्वे स्थानकावर एका कर्मचारी तरुणीची तिचा दीर्घकाळ पाठलाग करणाऱ्या माजी सहकाऱ्याने हत्या केली. तिने तक्रारी केलेल्या होत्या, खटला उभा राहिलेला होता, आणि निकाल दुसऱ्या दिवशी लागायचा होता. पीडितेच्या इच्छेविरुद्ध खटला चालवता येऊ नये, ही कायद्यातील पळवाट त्यानंतर, २०२३ मध्ये, काढून टाकण्यात आली. पुराव्याची वाट पाहणाऱ्या व्यवस्थेला अखेर पुरावा मिळतो तो असा.

६

'डोअर लॉक'मध्ये एक पात्र असे आहे की ज्याच्याकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिले पाहिजे. ते म्हणजे क्युंग-मिनची बँकेतील सहकारी ह्यो-जू. तिने पलंगाखालचा माणूस पाहिलेला नाही. तिच्याजवळ प्रेक्षकाचे आगाऊ ज्ञान नाही आणि पोलिसांचा अधिकारही नाही. ती केवळ मैत्रिणीचे म्हणणे ऐकते आणि तिच्याबरोबर चालू लागते. पुराव्यावाचून विश्वास ठेवण्याची कृती या संहितेत एकाच व्यक्तीकडून घडते, आणि तीही तसल्याच नोकरीत, तसल्याच खिडकीपलीकडे बसणाऱ्या स्त्रीकडून. तिला त्याची जबर किंमत मोजावी लागते. पण हा विश्वास चित्रपटाच्या दृष्टीने दुय्यम राहतो. तो कथानक पुढे नेण्याचे साधन म्हणून वापरला जातो. खरे पाहता चित्रपटाचे नैतिक केंद्र तिथे आहे. प्रेक्षकाला ह्यो-जूच्या जागी बसवले असते तर त्याला स्वतःला विचारावे लागले असते की एवढ्याशा आधारावर आपण हिच्याबरोबर गेलो असतो का? पलंगाखालचे दृश्य दाखवून चित्रपटाने प्रेक्षकाची या प्रश्नातून सुटका केली.

तेव्हा या चित्रपटाबद्दलचा निर्णय सरसकट देता येत नाही. तो मूळ कृतीपेक्षा थिटा आहे असे म्हणणारे एका स्त्रीच्या बेशुद्धीवर पोसलेल्या गुंतागुंतीला कलेचा मानदंड समजतात. तो स्त्रीवादी विजय आहे असे म्हणणारे नायिकेचे नाव पाहून रूपबंधाला माफी देतात. विभाजनाची रेषा या चित्रपटाच्या आतूनच जाते. दारापलीकडच्या आवाजांच्या प्रसंगात तो क्युंग-मिनबरोबर आहे. पलंगाखालच्या दृश्यांत तो घुसखोराबरोबर आहे. समीक्षेचे काम ही रेषा दाखवण्याचे आहे, आणि ती दाखवण्यासाठी 'कथा कोणाची आहे' हा प्रश्न पुरेसा नाही.

मराठी समीक्षेने निवेदक आणि दृष्टिकोण यांची चर्चा पुष्कळ केली आहे. अन्यायाची कथा सांगणाऱ्या कृतींबाबत, मग त्या चित्रपट असोत की कादंबऱ्या, या चर्चेला ज्ञानाच्या वाटपाची जोड द्यावी लागेल. सोसणाऱ्या व्यक्तीच्या आधी वाचकाला काय सांगितले जाते, ते तो कोणाच्या सोबतीने जाणतो, आणि त्या आगाऊ जाणण्यातून मिळणारे सुख कोणाच्या नेणिवेवर उभे आहे, हे विचारल्याशिवाय कोणत्याही कृतीला सोसणाऱ्याच्या बाजूची म्हणू नये. सोसणाऱ्याला जेवढे ठाऊक आहे तेवढ्यावरच त्याच्याबरोबर उभे राहणे हे अवघड आहे. पण कृतीने त्याची बाजू घेतली असे म्हणता येते ते तेव्हाच.